अजिंक्य जोडीचा अबोला

लागुना भागातल्या कुस्तीच्या जोडी अजिंक्यपदाचा पट्टा एकच होता. जोडी म्हटल्यावर पट्टे दोन हवेत, हे एवेलिओशेठलाही कळत होतं. पण लेर्दो गावच्या ज्या खोगीरवाल्याकडे त्यांनी ते बनवायला टाकले होते, तो एक पट्टा पुरा करून वारला, आणि त्याच्या मुलाला फक्त खोगीर जमायचं. तेव्हा एवेलिओशेठनी जाहीर केलं की विजेत्यांनी पट्टा महिना महिना आळीपाळीनं घरी न्यावा. सान इसिद्रो अरेना, म्हणजे आमचा कुस्तीचा आखाडा, त्यांची, पट्टा त्यांचा, नियमही त्यांचे. विषय संपला.

पहिले विजेते रेल्वेतले दोघं फिटर होते. त्यातल्या एकाची चिवावाला बदली झाली आणि तो सामानाबरोबर पट्टाही घेऊन गेला. पट्टा परत यायला अख्खा उन्हाळा उलटला. आला तेव्हा त्याला डिझेलचा वास येत होता. मग तो 'दोन डॉक्टर' नावाच्या मुखवटेवाल्यांनी जिंकला. त्यातला एक खरोखरच दातांचा डॉक्टर होता. रविवारी ज्याचे दात हलायचे, त्याला तो सोमवारी दवाखान्यात बोलवायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. त्यांच्यानंतर एक बापलेक आले. बापाची लाथ चुकून लेकाच्या तोंडावर बसली, ते घरी आईला कळलं, आणि पुढच्या रविवारी दोघांनी पट्टा आणून मुकाट्यानं एवेलिओशेठच्या टेबलावर ठेवला. मग पुन्हा 'दोन डॉक्टर'. आणि त्यांना हरवून माझा नवरा आणि माझा भाऊ.

या दोघांनी तो बारा वर्षं सोडला नाही. आणि त्या बारा वर्षांत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

माझा नवरा रेफुहिओ. तोरेओनला बर्फाच्या कारखान्यात कामाला. रिंगमध्ये त्याचं नाव तोल्वानेरा, म्हणजे आमच्याकडे मार्चमध्ये उठतं ते धुळीचं वादळ. मुखवटा मातकट, त्यावर तपकिरी भोवरे. मीच शिवलेला. माझा धाकटा भाऊ आबुंदिओ नदीपलीकडे गोमेस पालासिओला साबणाच्या कारखान्यात होता, आणि आईजवळ राहायचा. रिंगमध्ये तो रुपेरी कोयोते, म्हणजे रानकोल्हा. तोही मुखवटा माझाच. नदीपलीकडे म्हणायची आपली पद्धत. नासासच्या पात्रात पाणी नसतं, पोरं फुटबॉल खेळतात. दोघं आईच्या परसात एकाच जुन्या गादीवर एकमेकांना आपटत शिकले. तिथेच रेफुहिओनं मला पाहिलं आणि आबुंदिओ त्याला दाजी म्हणायला लागला.

आई, म्हणजे प्राक्सेदिसबाई, दर रविवारी अरेनात पहिल्या रांगेत. जावयाला कुणी रुदोनं, म्हणजे दांडगाईनं लढणाऱ्यानं, मागून मारलं तर ती त्याला पर्स फेकून मारायची. पर्समध्ये ती मुद्दाम कुलूप ठेवायची. तिच्या मनात एकच होतं. मुलगा आणि जावई दोघांनी मिळून तो पट्टा आणावा.

'दोन डॉक्टर'शी लढत ठरली, आणि त्याच आठवड्यात आईनं अंथरूण धरलं. छाती भरली होती. आबुंदिओला तिनं सांगितलं, साधा खोकला आहे. त्यानं विश्वास ठेवला, कारण त्याला ठेवायचा होता. रविवारी सकाळी तो अरेनात गेला. रेफुहिओ जाताजाता आईला भेटायला थांबला. "ओतिलिया, कोपऱ्यावरून बर्फ घेऊन ये," म्हणत आईनं मला पाठवलं. बर्फाच्या कारखान्यातला माणूस खाटेशी बसलेला असताना बर्फ आणायला मी का जायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही. परत आले तेव्हा रेफुहिओ टोपी हातात घेऊन उभा होता.

दुपारी आई गेली. मी शेजारच्या मुलाबरोबर अरेनात निरोप पाठवला, दोघांनाही सांग म्हणून. दारात त्याला रेफुहिओ भेटला. त्यानं निरोप ऐकला, मुलाला पाणी पाजलं आणि घरी पाठवून दिलं. मग आत जाऊन मुखवटा घातला. त्या दुपारी दोघांनी 'दोन डॉक्टर'ना सरळ दोन डावांत चीत केलं. लोक म्हणतात, तोल्वानेरा त्या दिवशी लढला तसा आधी कधी लढला नव्हता. आबुंदिओ पट्टा डोक्यावर धरून पहिल्या रांगेकडे वळला. आईची खुर्ची रिकामी होती.

कपडे बदलायच्या खोलीत रेफुहिओनं त्याला सांगितलं. आबुंदिओनं एकच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"लढतीच्या आधी."

आबुंदिओनं त्याला असा ठोसा मारला की रेफुहिओचा खालचा दात पडला. मग म्हणाला, "यापुढे माझ्याशी एक शब्द बोललास, तर राहिलेलेही हातात देईन."

रेफुहिओनं मान हलवली. माझा नवरा सांगितलेलं अक्षरशः ऐकणारा माणूस आहे. लग्नात पाद्र्यानं "सुखात आणि दुःखात" म्हटल्यावर यानं विचारलं होतं, मधल्या दिवसांचं काय.

मीही त्याच्याशी तीन आठवडे बोलले नाही. "आपल्या मनानं कसं ठरवलंस?" मी त्याच रात्री विचारलं होतं. तो म्हणाला, "ठरवलं." एवढंच. शेवटी घरात तेल संपलं आणि मला बोलावं लागलं.

आता कुणालाही वाटेल की जोडी तिथेच फुटली. फुटली नाही. एवेलिओशेठचा नियम होता, दोघांपैकी एक जरी सुटला तरी पट्टा परत. आणि तो पट्टा आईला हवा होता. आबुंदिओ तो सोडणार नव्हता, कारण तो आईचा. रेफुहिओ सोडणार नव्हता, कारण तो आईचा. या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं, फक्त त्यांनी ते एकमेकांना सांगितलेलं नव्हतं.

दर महिन्याला पट्टा इकडून तिकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तो बाजाराच्या पिशवीत घालायची, वर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, गुंडाळायचं फडकं टाकायची, आणि पुलावरून चालत जायची. निरोपही मीच न्यायची.

"त्याला सांग, डावा खांदा फार पुढे काढतो," रेफुहिओ म्हणायचा.

"तू सांग की. शनिवारी सरावाला शेजारीच असतोस ना?"

"मला बोलायला मनाई आहे."

मग मी पूल ओलांडायची. आबुंदिओ दारात दाढी करत उभा असायचा. "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, खांदा माझा आहे. आणि म्हणावं, बूट उन्हात ठेव. वासानं समोरचे आधीच पडतात, मला काही कामच उरत नाही."

"बुटांचं मीही सांगितलंय."

"मग?"

"म्हणतो, जिंकतोय ना."

आणि ते जिंकत होते. भांडणामुळेच जिंकत होते, असं एवेलिओशेठचं म्हणणं. बाकीच्या जोड्या रिंगमध्ये एकमेकांना ओरडून सांगतात, पाय धर, मागे बघ, आता मी येतो. समोरच्यालाही ते ऐकू जातं. हे दोघं चिडीचूप. एकानं श्वास घेतला की दुसऱ्याला कळायचं तो कुठे उडी घेणार. गादीवरची सवय, ती कुठे जाते? जोडीतला एका वेळी एकच आत लढतो, आणि बदलीच्या वेळी बाहेरच्याच्या हातावर हात मारावा लागतो. तो हे असा मारायचे की आवाज शेवटच्या रांगेत ऐकू जायचा. आबुंदिओ मारायचा, रेफुहिओ दुप्पट जोरानं परत करायचा. समोरच्यांना वाटायचं, आपसांत हे असे, तर आपलं काय होणार. मुळात दोघं तेक्निको, म्हणजे सज्जनांच्या बाजूचे. पण हळूहळू लोक त्यांना रुदो समजायला लागले. एका रविवारी एका बाईनं रेफुहिओवर अर्धी खाल्लेली गोर्दिता, म्हणजे सारण भरलेली जाड भाकरी, फेकली, आतल्या वाटाणा-मिरचीसकट. त्याला वाईट वाटलं. घरी येऊन म्हणाला, "मी केलं काय?"

आबुंदिओनं लग्न केलं नाही. रेफुहिओ कामावर असेल त्या वेळी तो आमच्याकडे यायचा, वजडीचा रस्सा ओरपायचा, आईचा विषय निघाला की उठून भांडं विसळायला लागायचा. त्याला सगळ्यात काय लागलं होतं ते एकदाच बोलला. "ताई, आई तिकडे गार पडत होती, आणि मी इथे लोकांना दंड दाखवत होतो. हसत होतो गं मी."

मी म्हटलं, "मुखवट्यात कुणाला दिसलं?"

"मला माहीत होतं ना."



बाराव्या वर्षी साबणाचा कारखाना बंद पडायला आला. आबुंदिओला हुआरेसला, सीमेवरच्या एका कारखान्यात काम मिळालं. टीव्हीचे भाग जोडायचे. एवेलिओशेठनी आम्हाला अरेनात बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला आबुंदिओ, दुसऱ्या बाजूला रेफुहिओ, मधे मी.

एवेलिओशेठ म्हणाले, "असा सोडून गेलास तर मला पट्टा रिकामा जाहीर करावा लागेल. रिकाम्या पट्ट्याला तिकीट कोण काढणार? एक शेवटची लढत द्या. दुरांगोचे दोन चुलतभाऊ आहेत, स्वतःला 'धूमकेतू' म्हणवतात. पोरं चांगली आहेत. हरलात तर पट्टा रीतसर त्यांच्याकडे जाईल."

"आणि जिंकलो तर?" आबुंदिओनं विचारलं.

"जिंकलात तर मी काय करू, ते मला माहीत नाही. कृपा करून जिंकू नका असं मी म्हणणार नाही, माझाही धर्म आहे."

रेफुहिओ माझ्याकडे वळला. "त्याला विचार, कधी जाणार."

"सोमवारी," आबुंदिओ मला म्हणाला.

"परत कधी येणार?" रेफुहिओनं मला विचारलं.

"त्याला सांग, बघू."

घरी येताना रेफुहिओ पुलावर थांबला आणि कठड्याला टेकून खालच्या वाळूकडे बघत राहिला. खाली काहीच नव्हतं, एक कुत्रं झोपलं होतं. मी म्हटलं, ऊन लागेल. तो म्हणाला, "हुआरेस लांब आहे."

त्या रविवारी अरेना भरली होती. मी पहिल्या रांगेत, आमच्या कोपऱ्याला अगदी लागून. पंच होता तिबुर्सिओ, पोट सुटलेला, पण चटकन आडवा पडून मोजणारा. लढत तीन डावांची, आणि आमच्या अरेनाच्या नियमानं जोडीतला कुणीही एक चीत झाला, म्हणजे पंचानं तीन मोजेपर्यंत त्याचे दोन्ही खांदे टेकून राहिले, की डाव गेला.

पहिला डाव आमच्या दोघांनी नेहमीसारखा घेतला. आबुंदिओनं थोरल्या धूमकेतूला पायांच्या कैचीत असा अडकवला की तोच हात आपटून सोडा सोडा म्हणाला. दुसरा डाव पोरांनी घेतला. धाकटा वरच्या दोरावरून उलटी कोलांटी घेऊन रेफुहिओच्या छातीवर उतरला. रेफुहिओ तेव्हा पन्नाशीला टेकला होता. उठायला त्याला वेळ लागला.

तिसऱ्या डावात बराच वेळ रेफुहिओच आत होता. घामानं मुखवटा काळा पडलेला. शेवटी धाकट्याला दोरांवर ढकलून तो अडखळत आमच्या कोपऱ्यात आला. आबुंदिओनं दोरावरून हात पुढे केला. रेफुहिओनं त्यावर हात मारला. पण आवाज आला नाही. मारला आणि तो हात त्यानं तसाच धरून ठेवला.

आबुंदिओनं हात ओढला. सुटेना.

"सोड," आबुंदिओ म्हणाला. बारा वर्षांतला त्याचा पहिला शब्द तो.

रेफुहिओ म्हणाला, "तुझ्या आईनं सांगितलं होतं."

"काय?"

"तुला सांगू नको म्हणून. त्या सकाळी. ओतिलियाला बर्फ आणायला पाठवलं आणि मला शपथ घातली."

तिबुर्सिओ मधे आला. "हात सोड, तोल्वानेरा. बदली झाली, तू बाहेर हो."

"झाली नाही," आबुंदिओ त्याला म्हणाला. "आवाज आला का? नाही ना? मग झाली नाही. बाजूला हो. काय शपथ?"

"म्हणाली, आज संध्याकाळ मी बघत नाही. आबुंदिओला कळलं तर तो घरी धावत येईल, आणि पट्टा जाईल. जिंकेपर्यंत बोलू नकोस."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

एवढ्यात धाकट्याशी बदली करून थोरला धूमकेतू मागून आला. बिचारा लढायलाच आला होता. त्यानं रेफुहिओच्या कमरेला विळखा घातला आणि त्याला मागे खेचून पाठीवर घेतलं. रेफुहिओचे दोन्ही खांदे जमिनीला टेकले. त्याचा एक हात अजून दोरांखालून आबुंदिओच्या हातात होता. तिबुर्सिओ धपकन आडवा पडला.

आबुंदिओनं एक पाय आत टाकून धूमकेतूला नुसतं ढकललं असतं, तरी डाव वाचला असता. त्यानं हे हजार वेळा केलं होतं. पण तो बाहेर गुडघ्यांवर बसला, आणि खालच्या दोरांमधून डोकं आत घातलं.

"बोल ना! का नाही सांगितलंस?"

छातीवर धूमकेतू बसलेला, त्यामुळे रेफुहिओचा आवाज दबलेला येत होता. तरी मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "तेही तिनंच... म्हणाली, मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नको. मेल्यावर मुलगा माझ्यावर रागावलेला मला नको. रागावायचंच तर तुझ्यावर रागावू दे. तू काय, जावई."

तिबुर्सिओचा हात जमिनीवर आपटला. घंटा वाजली. धूमकेतू उठले, एकमेकांकडे बघायला लागले, आणि मग हळूच, कुणी ओरडतंय का ते बघत, त्यांनी हात वर केले.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "अरे, विकली रे लढत!" हे दोघं तिथेच. एक आत पडलेला, एक बाहेर गुडघ्यांवर, हातात हात. मुखवट्याच्या आत आबुंदिओचं काय चाललं होतं, मला दिसलं नाही. त्याचे खांदे हलत होते.

"दाजी," तो म्हणाला, "तुझा दात पाडला मी."

"खालचा होता. दिसत नाही."

माझं काय झालं, तेही सांगते. आधी मला नवऱ्याचा राग आला. बारा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी झोपला, मी याला नाही नाही ते बोलले, आणि यानं ते खाल्लं, जसा रस्सा खावा. मग आईचा राग आला, तो जास्त होता. मरताना तिला मुलाची माया पुरी हवी होती, आणि तिची किंमत तिनं परक्याच्या पोराला भरायला लावली. पण मेलेल्या आईशी भांडायला जागा कुठे असते? मी उठले, रिंगवर चढले, आणि दोघांना म्हटलं, "घरी चला. लोक बघताहेत."

"बघू देत," रेफुहिओ म्हणाला. "तिकीट काढलंय त्यांनी."

पट्टा धूमकेतूंकडे गेला. एवेलिओशेठनी पुढच्या वर्षी दुसरा पट्टा करून घेतला, अगदी पहिल्यासारखा, आणि तेव्हापासून कुठलीच जोडी तो वर्षभरही राखू शकली नाही. धूमकेतूंनी तो दोघा सुतारांना गमावला, सुतारांनी दोघा जुळ्यांना, आणि जुळ्यांच्या काळात अरेनाच विकली गेली. आता तिथे फर्निचरचं दुकान आहे.

सोमवारी आबुंदिओ हुआरेसला जायला निघाला. रेफुहिओ त्याला बसवर सोडायला गेला आणि संध्याकाळ झाली तरी परतला नाही. मी बघायला गेले. दोघं स्टँडच्या बाकावर बसून वाद घालत होते, डावा खांदा पुढे काढावा की नाही यावर. बस केव्हाच गेली होती. तो मंगळवारी गेला. मंगळवारी मी स्वतः सोडायला गेले होते.

आता वर्षातून दोनदा येतो. केस पिकलेत, गुडघ्यात पट्टी घालतो. आईच्या विषयावर दोघं फार बोलत नाहीत, पण तिच्या कबरीवर आता एकत्र जातात. आबुंदिओ झाडतो, रेफुहिओ पाणी आणतो. बाकी वेळ एकच भांडण. आबुंदिओचं म्हणणं, रेफुहिओनं खांदा उचलला असता तर हरलो नसतो. रेफुहिओ म्हणतो, माझा हात तू धरला होतास, उचलू कसा? मी दोघांसाठी तोर्तिया भाजत असते आणि हे ऐकत असते.

गेल्या नाताळात बाजारात तिबुर्सिओ भेटला. मी त्याला जेवायला बोलावलं. पहिला घास तोंडात जायच्या आत दोघांनी त्याला धरलं.

"तूच सांग," आबुंदिओ म्हणाला. "तीन मोजलेस तेव्हा दाजीचे दोन्ही खांदे टेकले होते का?"

तिबुर्सिओनं घास गिळला. पाणी प्यायला. "खरं सांगू का? दोन मोजल्यावर तो बाईंचं सांगायला लागला. सासू जावयाला काय म्हणाली, ते. मग मीही ऐकत राहिलो. हात आपटला असेल. तीन म्हटलं की नाही, मला आठवत नाही."

आबुंदिओनं रेफुहिओकडे बघितलं, रेफुहिओनं त्याच्याकडे. तिबुर्सिओनं ताट पुढे सरकवलं आणि मला म्हणाला, "वहिनी, अजून थोडी वजडी असेल तर वाढा."

मी वाढली.